जिना चढलेलं रक्त

प्रसूती रुग्णालयाच्या तळमजल्यावर नोंदणीची खिडकी ओलांडून डावीकडे वळलं की एक हिरव्या पडद्याची खोली लागते. दारावर 'रक्तनमुने' अशी पाटी आहे, पण ती वाचून तिथे कुणी जात नाही. "एकटोची मावशी कुठे बसतात हो?" असं विचारत बायका येतात आणि रखवालदार वर न बघताच डावीकडे हात दाखवतो.

एकटोची, कारण एका टोचणीत काम. एकतीस वर्षांत मावशींनी कुणाला दुसऱ्यांदा सुई टोचल्याचं ऐकिवात नव्हतं. हात गुबगुबीत असो की काटकुळा, शीर आत दडी मारून बसलेली असो, मावशी दोन बोटांनी कोपराची खोबण चाचपणार, "हं, सापडलात," असं शिरेला अदबीनं म्हणणार आणि बाईनं 'आई गं' म्हणायला तोंड उघडेपर्यंत नळी भरलेली असणार. शिरांना अहोजाहो करणाऱ्या जगात त्या एकट्याच असाव्यात. माणसांच्या वाट्याला एवढी अदब येत नसे. बायकोच्या शेजारी उभं राहून सुईकडे डोळे फाडून बघणाऱ्या एका नवऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही बाहेर बसा. तुम्ही पडलात तर उचलायला मला वेळ नाही, आणि बाईंना वाकता येत नाही."

आपल्या हाताचा मावशींना गर्व होता आणि तो लपवायचे कष्ट त्या घेत नसत. शाळा आठवीतच सुटलेली. याच रुग्णालयात त्या आधी चादरी मोजायला लागल्या. तिथून एका म्हाताऱ्या नर्सबाईंच्या हाताखाली सुई धरायला शिकल्या, मग परीक्षा दिली, नापास झाल्या, पुन्हा दिली. आता नवे डॉक्टरसुद्धा एखादी शीर हाती लागेना की पेशंटला गुपचूप खाली पाठवून देत. पाठवताना चिठ्ठीवर कारण लिहीत नसत. मावशीही विचारत नसत, पण दिवसभर ते सगळ्यांना सांगत सुटत.

या कीर्तीमागे कला होतीच, पण थोडी क्लृप्तीही होती. बाहेरचा थांबायचा हॉल म्हणजे नुसता गारठा. तास-दीड तास तिथे बसलेल्या बाईचे हात थंडगार पडत आणि शिरा खोल जात. म्हणून मावशी रांगेतल्या पुढच्या तिघींना आधीच सांगून ठेवत, "समोरचा जिना एकदा चढून उतरून या. सावकाश, कठडा धरून. ज्यांना डॉक्टरांनी चालायला मना केलंय त्यांनी मात्र जागचं हलायचं नाही." बायका हसत-बोलत वर जात, वरच्या खिडकीतून रस्ता बघत, कुणाला कितवा महिना याची चौकशी करत आणि गाल लाल करून खाली येत. तोवर शिरा अशा टरारून वर आलेल्या असत की आंधळ्यालाही सापडाव्यात. ही गोष्ट मावशींनी कुठे लिहून ठेवली नव्हती. शिंपी टाचण्या तोंडात धरतो, तो काय तसं वहीत लिहून ठेवतो?

दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई संशोधनासाठी आल्या. उंचीनं बेताच्या, बोलणं झरझर आणि चष्मा कायम डोक्यावर. काही बाळं वेळेआधी का जन्मतात आणि ते आईच्या रक्तावरून आधी कळू शकतं का, हा त्यांचा प्रश्न होता. मावशींना त्यांनी समोर बसवून नीट समजावलं. आपल्या अंगात रोगांशी लढणाऱ्या पेशींचा पहारा असतो. परकं काही दिसलं की तो पहारा उठतो. बाळ अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं, म्हणजे अर्धं परकंच, तरी नऊ महिने पहारेकरी त्याला हात लावत नाहीत. पण एखादीच्या अंगात हा पहारा लवकर बिथरत असेल आणि कळा लवकर सुरू होत असतील, तर त्याच्या खुणा रक्तात दिसायला हव्यात. काही पेशी, काही द्रव्यं, त्यांचे आकडे.

मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रांगेतल्या बायकांना आपल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. "अर्धं बाळ तुमचं, अर्धं सासरचं. सासरच्या माणसाला तुमचं शरीर नऊ महिने तोंडातून शब्द न काढता कसं सांभाळतं, ते मॅडमना बघायचंय. या संशोधनाला रक्त द्यायचं का?" बायका हसत आणि सही करत. संशोधनात नाव घालणाऱ्यांची संख्या पाहून डॉक्टरीणबाईंना वाटलं की आपलं माहितीपत्रक फार चांगलं झालंय.

मावशींना या कामाची ओढ होती त्याचं कारण घरातच होतं. त्यांची पहिली नात एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन एक किलो तीनशे. बेचाळीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि ते बेचाळीस दिवस मावशींनी खाली हजारभर बायकांचं रक्त काढलं, एकदाही सुई न चुकवता. आता नात चार वर्षांची आहे आणि तिच्या आवाजाला शेजारी कंटाळलेत. पण सुनेला पुन्हा दिवस गेले तेव्हा घरात आनंदाच्या पाठोपाठ भीतीही आली आणि ती बूड टेकून बसली. सून शिलाईच्या कारखान्यात कापड तपासायची. धाग्यातली गाठ लांबून ओळखणारी बाई, बोलायला तिखट आणि सासूच्या तोडीस तोड. तिनं स्वतःहून संशोधनात नाव घातलं. विसाव्या आठवड्यात ती मावशींच्या खुर्चीत येऊन बसली, त्याआधी इतर बायकांसारखी जिना चढून आली, आणि एका टोचणीत मोकळी झाली.

तीन आठवड्यांनी वरून चिठ्ठी आली. सुनेच्या रक्तातले आकडे जास्त आहेत, दर पंधरा दिवसांनी तपासणीला यावं.

चिठ्ठी वाचल्यावर सून त्या दिवशी सासूशी एकदाही भांडली नाही, आणि याचा अर्थ काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींचा मुलगा मोबाईलवर नको नको ते वाचत बसला. त्यांचे यजमान एरवी भाजी आणायला गेले तरी दोन विनोद करून येत, ते आता नुसती भाजी आणू लागले. एकदा मावशी खोलीत गेल्या तर सून कपाटासमोर बसली होती. मांडीवर थोरलीची पहिली टोपी होती, चहाच्या कपावर बसेल एवढी. मावशींना बघून तिनं ती घाईघाईनं कपड्यांखाली सारली आणि म्हणाली, "कपाट आवरतेय." मावशी म्हणाल्या, "आवर," आणि बाहेर येऊन विनाकारण यजमानांवर खेकसल्या.

इकडे वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचंही घोडं पेंड खात होतं. अशा चिठ्ठ्या एकूण तेवीस बायकांना गेल्या होत्या. प्रमाणाबाहेर जास्त. आणि नीट बघितलं तर तेविसातल्या बावीस जणींचं रक्त मंगळवारी नाहीतर शुक्रवारी घेतलेलं. संशोधनाचं रक्त घ्यायचे ते मावशींचे वार. बाकीच्या दिवशी ते रक्त दुसरे एक कर्मचारी काढत, सगळे त्यांना भाऊ म्हणत. सावकाश, कधीकधी दोन-तीनदा टोचून. त्यांच्या नळ्यांमध्ये सगळं कसं शांत.

आधी फ्रिजवर संशय गेला. दुरुस्तीवाला आला, त्यानं फ्रिज उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि म्हणाला, "याच्यात काही नाही." मग नळ्यांच्या खोक्यांवर संशय गेला. खोकी बदलली. मग नळी फिरवायच्या यंत्रावर. हे सगळं रोज खाली मावशींच्या कानावर येत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एका शुक्रवारी लिफ्ट बंद होती. डॉक्टरीणबाई नळ्यांचा डबा घेऊन खालीवर करून दमल्या आणि हिरवा पडदा सारून मावशींच्या खुर्चीत धपकन बसल्या.

"मावशी, पाणी द्या. तीन जिने चढउतार केले. आत्ता माझं रक्त घेतलंत ना, तर माझेच आकडे वाढलेले दिसतील."

"म्हणजे?" मावशींनी पेला पुढे केला.

"अहो, दमलं की पेशी शिरांच्या कडेवरून सुटून रक्तात येतात. इतरही आकडे हलतात. अर्धा तास बसलं की परत जागच्या जागी." त्या घटाघट पाणी प्यायल्या आणि निघून गेल्या.

मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. बाहेरून तीन बायका हसत-बोलत जिना उतरत असल्याचा आवाज येत होता.

आकडे चढवले ते आपल्या जिन्यानंच, हा पहिला विचार. पण लगेच दुसरा विचार आला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे सुनेचा आकडा खोटा होता. तिला काही झालेलं नव्हतं. जिना चढला होता तिनं, बस. मावशींना वाटलं, तडक घरी जावं आणि तिला सांगावं.

मग तिसरा विचार आला. सांगायचं म्हणजे सगळ्यांनाच सांगावं लागेल. एकतीस वर्षांची एकटोची, आणि तिनं संशोधनाची वाट लावली. डॉक्टरीणबाई उद्या दुसरं माणूस बसवतील. ते भाऊ गालातल्या गालात हसतील. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवावी. उद्यापासून जिना बंद करावा, सुनेला एकटीला बोलावून अर्धा तास बसवावं, पुन्हा रक्त घ्यावं आणि 'आधीची नळी गोठली होती' असं वर कळवावं. साप मरावा आणि काठीही मोडू नये.

ही योजना मावशींना घरी जाईपर्यंत फार आवडली होती. घरी गेल्यावर त्यांनी दारातूनच पाहिलं, सून नातीला जेवायला भरवत होती आणि तिचा दुसरा हात पोटावर होता, आपण हात तिथे ठेवलाय हे तिला माहीतही नसावं. अशा अजून एकवीस बायका आपापल्या घरी असाच हात ठेवून बसल्या असतील, आणि त्यांना घाबरवलं आपण. मावशींना स्वतःचा संताप आला. त्यांचा संताप नेहमी दुसऱ्यावर निघायचा, यावेळी त्याला जायला जागा नव्हती.

सकाळी त्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"मॅडम, फ्रिज चांगला आहे. मी बायकांना जिना चढायला लावते."

डॉक्टरीणबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर लावला. "किती दिवस?"

"वीसेक वर्षं."

"मावशी, अहो माझा प्रयोग."

"हो."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. आता वाटलं, म्हणून आले. मला काढायचं तर काढा, पण त्या बायकांना आधी कळवा. जीव टांगणीला लागलाय त्यांचा."

डॉक्टरीणबाई रागावल्या. दोन मिनिटं त्या खरोखर रागावल्या आणि बोलल्याही. मग कागद ओढून लिहायला लागल्या आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "तेवीसही जणींना बोलवा. अर्धा तास खुर्चीत बसवायचं. जिना नाही, हात चोळणं नाही, काही नाही. आणि रक्त तुम्हीच घ्यायचं. हात तोच ठेवून फक्त जिना काढायचा, म्हणजे दोष जिन्याचाच होता याची खात्री होईल."

तो आठवडा मावशींच्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा. गारठलेले हात, बुडालेल्या शिरा. पहिल्याच दिवशी पाच जणींना त्यांनी दोनदा टोचलं. रखवालदारापर्यंत बातमी गेली. एका बाईनं तर "असू द्या मावशी, होतं असं," म्हणून त्यांचीच समजूत घातली, आणि ती समजूत मावशींना सुईपेक्षा जास्त बोचली. ते दुसरे भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी मधल्या सुट्टीत चहा आणून दिला आणि म्हणाले, "मला रोज असंच होतं." मावशींना पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

सून शेवटच्या दिवशी आली. अर्धा तास बसली आणि मग हात पुढे केला. मावशींनी चाचपलं. काही लागेना. टोचलं, काही नाही. दुसऱ्यांदा टोचलं, काही नाही.

"आई," सून म्हणाली, "माझ्यावरचा राग काढताय की काय?"

"गप्प बस. तुझ्या शिरासुद्धा तुझ्यासारख्या आहेत. हाक मारली की ओ देत नाहीत."

"तुमच्या हाकेला कोण ओ देईल? नुसता दरारा."

मावशींना हसू आलं, खांदे सैल पडले आणि तिसऱ्यांदा सुई बरोबर गेली. नळी भरत असताना सून हलकेच म्हणाली, "या वेळी कमी येईल ना?"

"येईल. चूक माझी होती," मावशी म्हणाल्या. आपलीच चूक असावी असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना इतकं मनापासून वाटत होतं.

आकडे आले. तेविसातल्या एकोणीस जणींचे खाली उतरले होते. चार जणींचे तसेच होते. त्या चौघींत एक सून होती.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. "हे नीट ऐका. हा आकडा म्हणजे भविष्य नाही. वळणावर 'सावकाश चालवा' अशी पाटी असते, म्हणून तिथे अपघात होतोच असं नाही. पण पाटी दिसली तर आपण वेग कमी करतो. आधी तेवीस पाट्या होत्या, मला धड कुणाकडेच बघता येत नव्हतं. आता चारच आहेत. या चौघींना मी दर आठवड्याला बघणार." मग त्या मावशींकडे वळल्या. "तुम्ही बोलला नसतात, तर ही त्या गर्दीत हरवली असती."

मावशींनी मान हलवली. त्यांना शाबासकी नको होती, त्यांना चूक हवी होती.

मग आठवडे सुरू झाले. दर मंगळवारी सून तपासणीला येई. एक औषध सुरू झालं, कारखान्यातलं उभ्याचं काम बंद झालं, गठ्ठे उचलणं बंद झालं. यजमानांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि पहिल्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातलं. सुनेनं ती न बोलता खाल्ली, तेव्हा नात म्हणाली, "आई आजारी आहे का?" एकूण त्या घरात सगळ्यांना सगळ्यांची काळजी होती आणि ती दाखवायची पद्धत एकालाही येत नव्हती. एकतिसावा आठवडा लागला तेव्हा मावशींनी कुणाला न सांगता सात दिवस डबा अर्धाच खाल्ला. आठव्या दिवशी तपासणी झाली, सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यांनी स्वतःचा डबा संपवून भाऊंच्या डब्यातलंही घेतलं. मग बत्तीस, मग तेहतीस. चौतिसाव्यात एक संध्याकाळ पोट कडक झालं आणि सगळं घर रुग्णालयात आलं, यजमान दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून. दोन तासांनी पोट सैल पडलं. सून घरी परतताना म्हणाली, "बाळानं फक्त रस्ता बघून ठेवला."

मावशींचा जिना बंद झाला तो झालाच. आता त्या बायकांना अर्धा तास बसवतात आणि त्या अर्ध्या तासात गप्पा मारत शिरा शोधून ठेवतात. दहातल्या एकीला दोनदा टोचावं लागतं. नाव मात्र एकटोचीच राहिलंय, कारण नाव बदलायला लोकांना वेळ नसतो.

आणि मग तो मंगळवार. सून आत गेली, मावशी रांग भाऊंवर सोपवून पाठोपाठ गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कागदावर लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "सदतीस आठवडे पुरे. दिवस भरले. आता कधीही होऊ दे, ते वेळेवरच."

"औषधानं टिकलं का मॅडम?" सुनेनं विचारलं.

"औषधानं, विश्रांतीनं, की टिकणारच होतं, हे एकटीवरून मला सांगता येणार नाही. शेकडो जणींचं बघितल्यावर कदाचित सांगेन."

मावशींच्या कानात मात्र ते दोनच शब्द घुमत होते. दिवस भरले. लहानपणी आई लाटणं उगारून म्हणायची, थांब, तुझे दिवस भरलेत आता. भांडणात, दमदाटीत, नळावर, शेजारच्या खिडकीतून, हे शब्द त्यांनी जन्मभर धमकीसारखेच ऐकले होते. स्वतःही यजमानांना हजारदा ऐकवले होते. तेच शब्द इतके गोड असू शकतात, हे साठीला आल्यावर कळावं.

बाहेर येऊन त्या हॉलमधल्या बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. डोळे टिपण्यातलं रडणं नव्हे, चांगलं आवाज काढून. रांगेतल्या बायकांचे चेहरे पडले. काहीतरी वाईट झालं असं समजून एक आठव्या महिन्यातली बाई जड पावलांनी पाणी घेऊन आली. रखवालदार खुर्ची सोडून धावला. भाऊ सुई हातात तशीच धरून पडद्याबाहेर डोकावले.

सून शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, लोक घाबरलेत. सगळं चांगलं असताना रडताय कशाला?"

"चांगलं आहे म्हणूनच रडतेय," मावशी हुंदका गिळत म्हणाल्या. "वाईट असतं तर मला रडायला वेळ कुठे होता?"